आंबागडाखालची वेधशाळा

धान कापणीचे दिवस आले की मला राग येतो. हे सांगायला बरं वाटत नाही, कारण आमच्या भंडाऱ्याकडे या दिवसांवर कोणी रागावत नाही. वर्षभराचा घास याच दिवसांत घरी येतो. वरठीला गाडीतून उतरावं, तर पोलाद कारखान्याची पाळी नुकतीच सुटलेली असते. डबे अडकवलेल्या सायकली, मोटरसायकली रस्ता भरून चाललेल्या असतात, हवेत लोखंड तापल्याचा वास असतो. ऑटो त्या गर्दीतून कसाबसा निघतो, कारखाना मागे पडतो, आणि एकाएकी दोन्ही बाजूंनी ओल्या तणसाचा वास अंगावर येतो. धान कापलेल्या बांध्या, त्यांत उभे राहिलेले पिवळे खुंट, मध्येच भाऱ्यांचे रचलेले पुंजणे, आणि त्यांच्यावर बसलेले बगळे. लहानपणी हा वास आला की मी ऑटोतून डोकं बाहेर काढायची आणि बाबा मला मागे ओढायचे. यंदा आला तेव्हा मी दात आवळून बसले होते.

काही वर्षांपूर्वी, याच दिवसांत, मी इथे वेधशाळा बांधायला आले होते.

वेधशाळा म्हटलं की माणसं वर बघतात. आमची खाली होती, डोंगराच्या पोटात. न्यूट्रिनो नावाचे कण असतात. सूर्यातून येतात, कुठेतरी दूर तारा फुटला तर त्यातून येतात, आणि आपल्यातून, घरातून, अख्ख्या पृथ्वीतून कशालाही न अडखळता निघून जातात. त्यांतला एखादाच कधीतरी पाण्याच्या कणावर आपटतो आणि अंधारात निळसर उजेडाची बारीक चमक उमटते. ती टिपायची असेल तर फार मोठी टाकी हवी, तिच्यात अत्यंत शुद्ध पाणी हवं, भिंतींवर चमक टिपणारे डोळे हवेत, आणि वर इतका खडक हवा की आकाशातून पडणारा बाकीचा सगळा कणांचा गोंगाट वरच अडावा. देवळाचा कळस झाकला जाईल एवढी टाकी, आणि ती जमिनीखाली खोल. मी खडकांचं काम करते, दूरच्या शहरातल्या एका संशोधन संस्थेत. टाकीतलं विज्ञान इतरांचं होतं. टाकी ज्या दगडात बसवायची तो दगड माझा होता.

आंबागडाच्या रांगेतला दगड नकाशावर चांगला दिसत होता. डोंगर फार उंच नाही, म्हणून पायथ्यापासून उताराचा बोगदा काढून आणखी खाली उतरावं लागणार होतं. पण खडक एकसंध वाटत होता आणि भूकंपाची फार भीती नव्हती. योजनेचे प्रमुख आमचे सर. मूळचे पुण्याचे, आयुष्यभर या एका वेधशाळेचं स्वप्न बघत आलेले. ते मला म्हणाले, "माधुरी, तू तिथलीच ना? मग खडकही तू बघ आणि माणसंही तूच बघ." मला त्या वाक्याचा आनंद झाला होता. आपल्या जिल्ह्याचं नाव जगाच्या नकाशावर जाणार, आणि ते नेणाऱ्यांत आपण. त्या आनंदाचाही आता राग येतो.

आमचं घर मोहाडीला. बाबा कोशाच्या रेशमी साड्या विणतात. माग जमिनीतल्या खड्ड्यात बसवलेला. बाबा कमरेपर्यंत खाली, हात वर. आल्या दिवशी मी त्यांच्याजवळ बसले आणि टाकीपासून सूर्यापर्यंत सगळं सांगितलं. धोटा इकडून तिकडे जात होता. त्यांनी तो थांबवला नाही.

"तर मंग थे कण हाती येतेत का?"

"हाती नाई येत, बाबा. चमक दिसते, थ्याच्यावरून समजते की आला होता."

"समजलं म्हंजे? पुढं काय?"

"सूर्याच्या पोटात काय चालू आहे थे समजंल."

बाबांनी एक धागा तुटला होता तो जोडला, बोटांना जरा राख लावली. "मले आवडलं," ते म्हणाले. "पर गावात असं सांगू नोको. थे म्हणतीन, सूर्याचं समजलं, आमचं काय?"

मला तेव्हा ते जुन्या माणसाचं बोलणं वाटलं. जगात कुठेही जा, मूलभूत विज्ञानवाल्याला हाच प्रश्न विचारतात आणि त्याचं उत्तर देऊन देऊन तोंड कडू होतं.

आंबागडच्या वाटेवर, डोंगराच्या अलीकडे एक वस्ती आहे. तिचं नाव इथे लिहीत नाही. का ते पुढे कळेल. अर्धी वस्ती धान करते, अर्धी तळ्यावर मासे धरते. बोगद्याचं तोंड आम्ही त्या वस्तीच्या वरच्या अंगाला धरलं होतं. सभा ग्रामपंचायतीसमोरच्या मांडवात ठेवली. कापणी चालू, त्यामुळे लोक बांधीतून थेट आले होते, हातांत विळे, केसांत तणसाच्या काड्या. सरांनी पडद्यावर सूर्य दाखवला, आकाशगंगा दाखवल्या. बोलले सुंदर. मध्येच लाइन गेली, पडदा पांढरा झाला, आणि त्या पांढऱ्या पडद्यासमोर एका तरुणाने मोबाइल वर धरून, त्यावर आलेला मजकूर दाखवत विचारलं, "साहेब, याच्यातून किरणं निघतेत अन् बाया वांझ होतेत म्हणते. हे खरं आहे का?"

सर हसले. वाईट मनाने नाही. त्या प्रश्नातलं विज्ञान इतकं उलटं होतं की त्यांना हसू आलं. पण मांडवातल्या बायकांनी ते हसू पाहिलं. मी पुढे होऊन सांगितलं की आम्ही किरणं सोडत नाही, येतात ती नुसती बघतो. तोवर उशीर झाला होता.

मग मागून एक बाई उठली. पन्नाशीची, काटक, लुगडं गुडघ्यापर्यंत ओलं. मासेमार सोसायटीच्या अध्यक्ष द्वारकाबाई. त्यांनी विचारलं, "एवढा बोगदा खोदसान, त थ्याच्यातला दगड कुठं टाकसान?"

हा प्रश्न मी सरांना आधीच विचारला होता. सादरीकरणात त्याचं एक चित्रही केलं होतं. लोक घाबरतील म्हणून सरांनी ते काढायला लावलं होतं. आता ते म्हणाले, "ते पुढच्या टप्प्यात ठरेल, ताई."

"पुढच्या टप्प्यापर्यंत आमी रायलो पाह्यजे न," द्वारकाबाई म्हणाल्या आणि निघाल्या. त्यांच्या मागे बायका निघाल्या, बायकांच्या मागे सभा.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी एकटीच तळ्यावर गेले. जुन्या मालगुजार जमीनदारांच्या काळचं तळं, तीन बाजूंना शेत आणि चौथीला डोंगराकडून येणारा नाला. मातीच्या उंच पाळीवर येनाची, मोहाची झाडं. द्वारकाबाई डोंग्यात होत्या, जाळं गोळा करत. मला पाहूनही त्यांनी काम संपेपर्यंत डोंगा काठाला आणला नाही.

"म्याडम, फोटो काढाले आल्या का?"

"मोहाडीची आहो मी, मावशी. विणकराच्या घरची."

"मोहाडीच्या बजारात मासे विकाले येतो मी." त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "मंग तुमाले त माहीत असंल. पाऊस पडला का डोंगरावरचं सारं या नाल्यानं इथं येते. तुमचा दगड तिकडं पडला, त थ्याचा चुरा माह्या तळ्यात येईल. मासोळी कुठं जाईल?"

मी पाळीवर बसले आणि मला माहीत होतं तेवढं सगळं सांगितलं. दगड किती निघेल ते सांगितलं: तो सगळा इथे आणून ओतला तर तळं बुजेल आणि वर टेकडी उभी राहील. टाकी भरायला पाणी एकदाच लागेल, पण एकदाच म्हणजे पुष्कळ. सुरुंगांचे हादरे काही वर्षं बसतील. नोकऱ्या निघतील, पण फार नाही, आणि त्यातल्या चांगल्या बाहेरच्यांना जातील. बोलताना मला स्वतःलाच वाटत होतं की मी योजना बुडवते आहे.

द्वारकाबाई जाळ्यातून शिंगी मासा सोडवत होत्या, काटा लागू नये म्हणून फार हळू. "थ्या सायबानं असं काहून नाई सांगतलं?" त्या म्हणाल्या. "आता बोलता येईल तुमच्यासंग."

त्यानंतरचे दिवस माझ्या आयुष्यातल्या कामाच्या दिवसांत सर्वांत चांगले होते, हे मला मान्य करावं लागतं. आधी सर चिडले. बोगद्याचं तोंड हलवायचं म्हणजे सगळे आराखडे पुन्हा. विश्रामगृहाच्या ओसरीवर आमचं चांगलंच वाजलं. मी म्हणाले, तोंड डोंगराच्या पलीकडच्या अंगाला न्या आणि दगड नाकाडोंगरीकडच्या बंद पडलेल्या खाणीच्या खड्ड्यांत घाला. ते खड्डे तसेही गिळायला टपलेले आहेत, गुरं पडतात त्यांत. सर म्हणाले, अंतर वाढेल. पण रात्रीतून त्यांचा राग उतरला आणि सकाळी ते बूट घालून तयार होते. आम्ही पलीकडच्या उतारावर दिवसच्या दिवस फिरलो. पायांखाली वाळकी पानं, हातात हातोडा, खालून धान झोडपल्याचा ठेका. दुपारी कुणाच्या तरी बांधीवर बसून आम्ही चटणी-भात खाल्ला आणि सर नकाशाच्या कोपऱ्याला भाताची शितं लागलेली पुसत म्हणाले, "ही जागा पहिल्या जागेपेक्षा बरी आहे, माधुरी." ते खरंच चांगले योजक होते. चूक दाखवली की आधी भांडायचे आणि मग ती दुरुस्त करताना सगळ्यांच्या पुढे असायचे.

पाण्याचंही ठरलं. तळ्यातला थेंब घ्यायचा नाही. पावसाळ्यात बावनथडी नदी फुगते तेव्हा तिच्यातून उचलायचं. नवा आराखडा घेऊन मी पुन्हा वस्तीत गेले. या वेळी पडदा नव्हता. कागद जमिनीवर अंथरला आणि चार कोपऱ्यांवर विटा ठेवल्या. द्वारकाबाईंनी तो सगळ्यांना दाखवला आणि म्हणाल्या, "थो न्यूट्रिनो मले समजला नाई. पर दगड कुठं जाईल थे समजलं. हे पोरगी लपवत नाई. मी हात वर करतो, तुमी तुमचं पाहा."

हात वर झाले. सगळ्यांचे नाही, पण पुरेसे.

कापणी संपता संपता चाचणीचं भोक पाडायचं यंत्र आलं. खोलातून दगडाच्या लांब गोल कांड्या वर येत होत्या, राखाडी, मध्येच गुलाबी झाक असलेल्या. मी त्यांच्यावर पाणी ओतत होते आणि भेग शोधत होते. भेग सापडत नव्हती. जितकं खाली जावं तितका दगड चांगला होत होता. सर आनंदाने मातीतच बसले. द्वारकाबाईंनी एक कांडी दोन्ही हातांनी उचलून पाहिली, जड आहे म्हणाल्या, आणि हळूच परत ठेवली. त्या संध्याकाळी मला खात्री होती की हे होणार.

त्यानंतर काहीच झालं नाही.

हे "काहीच" कसं सांगायचं, हे मला अजून जमत नाही. योजना फेटाळली गेली असती तर मी रडले असते, भांडले असते, दुसऱ्या कामाला लागले असते. पण फेटाळली नाही कुणी. पुनर्विचार झाला. समिती नेमली, समितीने आणखी एक समिती सुचवली. दुसऱ्या राज्यातल्या एका डोंगराचं नाव ऐकू आलं, मग तेही ऐकू येईनासं झालं. आमच्या बैठका महिन्याच्या तिमाहीवर गेल्या, तिमाहीच्या सवडीवर. विचारलं की उत्तर ठरलेलं: तूर्तास स्थगित. सर निवृत्त झाले. माझ्या टेबलावर उत्कृष्ट खडकाचा अहवाल होता आणि तो वाचायला कुणी नव्हतं.

आणि मला ती वेधशाळा हवी होती. हे लोकांना समजत नाही. त्यांना वाटतं मी आता तिच्या विरोधात आहे. मला ती अजून हवी आहे. आम्ही ती नीट आखली होती, गावाला विचारून आखली होती, आणि म्हणूनच जास्त त्रास होतो. वाईट योजना बुडाली तर माणूस सुटतो.

पण स्थगितीचा खरा भार माझ्यावर पडलाच नाही. तो वस्तीवर पडला. पुढच्या पावसाळ्यात तळ्याच्या पाळीला चीर गेली, तुडुमाच्या, म्हणजे पाणी सोडायच्या जुन्या मोरीच्या, जरा बाजूला. वस्तीने दुरुस्तीसाठी अर्ज केला. उत्तर आलं की हा परिसर प्रस्तावित विज्ञान प्रकल्पात येतो, तेव्हा प्रकल्पाची हरकत नसल्याचं आणा. बोगद्याचं तोंड पलीकडे गेलं होतं, तळ्याचा आता संबंधच नव्हता. पण सरकारदरबारी पहिलाच आराखडा बसून राहिला होता, कारण दुसरा मंजूर व्हायचा होता. पाणी झिरपत राहिलं. तळं उन्हाळ्याआधीच आटू लागलं. मासोळी वाढायच्या आत पाणी जायचं.

बाबांनी फोनवर मला हे सांगितलं तेव्हा मी आमच्या कार्यालयात गेले.

"नाहरकत द्या," मी म्हणाले.

"प्रकल्प रद्द झालेला नाही. नाहरकत कशी देणार?"

"मग होणार आहे का?"

"तसंही म्हणता येत नाही."

"मग मी गावाला काय सांगू?"

"अधिकृत निर्णय होईपर्यंत काहीच सांगायचं नाही."

असं संभाषण मी किती दारांत केलं ते आठवत नाही. प्रत्येक दारातला माणूस सभ्य होता, चहा विचारत होता. शेवटी सरांना फोन केला. ते शांतपणे म्हणाले, "अशी कामं एका आयुष्यात होत नसतात, माधुरी. धीर धर." मी म्हणाले, "तळं फाल्गुनात आटतं, सर." मग ते म्हणाले की त्यांच्या हातात आता काही नाही, आणि ते खरं होतं.

यंदा वरठीहून घरी पोचले तेव्हा बाबा मागावर नव्हते. दारात बसले होते. म्हणाले, "द्वारकाबाई बजारात भेटली होती. तुले बोलावलं आहे. गुश्श्यात आहे." सोसायटीचं अध्यक्षपद त्यांच्याकडून गेलं होतं. लोक येता-जाता विचारत, काय वं द्वारका, तुह्या न्यूट्रिनोनं पाळ बांधली का?

मी गेले. द्वारकाबाई घरासमोर जाळं शिवत होत्या. मला बसायला सांगितलं नाही.

"तुह्या नावावर मी हात वर केला होता," त्या म्हणाल्या. "आता मले एकच सांग. होते का नाई?"

"मावशी, वरून अजून—"

"वरचं नोको सांगू. तुले काय वाटते थे सांग."

"नाई होत," मी म्हणाले.

द्वारकाबाईंनी दाताने दोरा तोडला. "हे मले एकटीले नोको सांगू. चाल."

त्यांनी मला हाताला धरून तळ्याच्या पाळीवर नेलं. माणसं गोळा केली. बांधीतून, घरांतून, जशी मिळाली तशी. ज्यांनी तेव्हा हात वर केले नव्हते तेही आले, बहुतेक मजा बघायला. पाळीवरून चीर स्पष्ट दिसत होती. पाणी तिच्या खाली उतरून गेलं होतं, आणि कडेचा चिखल उन्हात तडकला होता. मी उभी राहिले आणि सांगितलं की वेधशाळा इथे होणार नाही. मला तसं कुणी लेखी दिलेलं नाही, मला बोलायची मनाईही आहे, पण एवढी वर्षं खेटे घालून माझी खात्री झाली आहे. तुम्ही तिच्यासाठी थांबू नका.

मग तोच तरुण, ज्याने सभेत मोबाइल धरला होता, म्हणाला, "लिहून देसान का?"

"माह्या सहीले किंमत नाई, भाऊ. तोंडानं सांगतो."

"एवढं सांगाले इतकी वर्षं लागली," द्वारकाबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज चढलेला नव्हता. त्या माझ्याकडे बघतही नव्हत्या, चिरेकडे बघत होत्या. "पाणी उतरलं आहे. आताच बुजवली त बुजंल."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी परत गेले तेव्हा काम सुरू झालं होतं. कुणाची परवानगी नव्हती, कुणी मागितलीही नव्हती. म्हणूनच वस्तीचं नाव लिहीत नाही. बायका बांधीच्या कडेची चिकट माती टोपल्यांत भरत होत्या, पुरुष चिरेत ती कोंबून वरून धुम्मस मारत होते. धान कापायचं सोडून आले होते सगळे. पलीकडे उभं पीक वाऱ्यावर हलत होतं आणि त्याच्याकडे बघून म्हातारी माणसं हळहळत होती. मी पाळीवर उभी राहून त्या डोंगराकडे बघत राहिले. आतला दगड किती चांगला आहे हे मला माहीत होतं.

"तिकडं काय पाहून रायली?" द्वारकाबाई म्हणाल्या. "टोपली धर."

ओली माती किती जड असते ते मी विसरले होते. उन्हं वर येईपर्यंत माझे हात कोपरापर्यंत भरले, कंबर मोडली. कुणी माझ्याशी फारसं बोलत नव्हतं. पण टोपली रिकामी झाली की कुणीतरी ती भरून देत होतं.

चीर निम्मी बुजली होती तेव्हा एक जीप आली. कुणीतरी कळवलं असावं. त्यातून एक तरुण अधिकारी उतरला, इस्त्रीचा शर्ट, त्रासलेला चेहरा. त्याने पाळीवरून, माणसांवरून नजर फिरवली आणि विचारलं, "हा प्रकल्पाचा परिसर आहे. इथं काम करायची परवानगी कोणी दिली?"

धुम्मस थांबली. सगळे द्वारकाबाईंकडे बघू लागले. त्या पुढे व्हायला निघाल्या.

"मी दिली," मी म्हणाले. "मी प्रकल्पाची आहे."

त्याने माझ्या हातांकडे पाहिलं. "तुम्हाला तो अधिकार आहे का, मॅडम?"

"नाही," मी म्हणाले आणि पुढची टोपली घेतली.